चहाच्या वाडग्यात आशिया पाहणारा माणूस : काकुझो ओकाकुरा

(द्वितीय वर्ष, कला)

चहा ही आपल्याकडे इतकी नित्याची गोष्ट होऊन बसली आहे की तिच्याविषयी कोणी पुस्तक लिहावे, हे आपल्याला खरे वाटत नाही. चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो, असे आपण म्हणतो आणि कप पुढे करतो. खुरपणीच्या शेतात, एस. टी. स्टँडवर, मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात, सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी नेऊन दिलेल्या किटलीत, सगळीकडे चहा असतोच. आल्याचा, गवती चहाचा, भरपूर साखरेचा, दूध घालून उकळ उकळ उकळलेला हा चहा बशीत ओतून फुंकर मारून प्यायला की माणूस कामाला लागतो. विचार करण्याजोगे त्यात काय आहे ?

परंतु याच चहावर एका जपानी माणसाने १९०६ साली एक लहानसे इंग्रजी पुस्तक लिहिले. ‘द बुक ऑफ टी’ हे त्याचे नाव. प्रकरणे अवघी सात. ते पुस्तक आज शंभर वर्षे उलटून गेल्यावरही जगभर छापले जाते आणि वाचले जाते. त्या पुस्तकाचा कर्ता काकुझो ओकाकुरा. जपानमध्ये ते ‘तेन्शिन’ या टोपणनावाने ओळखले जातात. हा माणूस १९०२ साली आपल्या महाराष्ट्रातली अजिंठा आणि वेरूळची लेणी पाहून गेला होता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगर आणि तेथून पुढे सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठा. महाविद्यालयाच्या सहलीत आपण ज्या पायऱ्या चढतो, त्याच डोंगरात तेही फिरले. म्हणून त्यांची जीवनकथा मित्रांपुढे ठेवावी असे वाटले.

ओकाकुरांचा जन्म जपानी जुन्या पंचांगाप्रमाणे १८६२ साल सरता सरता योकोहामा बंदरात झाला. वडील मूळचे फुकुई संस्थानातील सामुराई, म्हणजे तलवार बाळगणाऱ्या वर्गातले. पण संस्थानाच्या आज्ञेवरून ते योकोहामात रेशमाचे दुकान चालवीत. दुकानाच्या कोपऱ्यातल्या कोठारात मूल जन्मले, म्हणून त्याचे नाव काकुझो, म्हणजे कोपऱ्यातले कोठार, असे ठेवले अशी हकिकत सांगतात. पुढे त्यांनी उच्चार तोच ठेवून नावाची अक्षरे बदलली आणि त्याला जागृतीचा अर्थ आणला.

योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले होऊन तेव्हा तीन-चारच वर्षे झाली होती. जपानमधून बाहेर जाणाऱ्या मालात पहिला क्रमांक रेशमाचा आणि त्या खालोखाल चहाचा होता. बंदरातल्या वखारींतून चहा पुन्हा भाजून, पेट्यांत भरून अमेरिकेला रवाना होई. जो चहा पुढे त्यांच्या लेखणीतून तत्त्वज्ञान होऊन उतरला, तो लहानपणी त्यांच्या गावात वजनावर विकला जाणारा माल होता.

गिऱ्हाईक परदेशी, म्हणून वडिलांनी मुलाला लहानपणीच मिशनऱ्यांकडे इंग्रजी शिकायला घातले. मुलगा हुशार, त्यामुळे भराभर शिकला. पण एक दिवस वडिलांबरोबर प्रवासाला गेला असता रस्त्यावरच्या फलकावरची जपानी अक्षरे त्याला वाचता आली नाहीत. इंग्रजी फडाफडा वाचणारा पोर स्वतःच्या भाषेत निरक्षर ! वडील चपापले. त्याच सुमारास काकुझोची आई वारली आणि वडिलांनी दुसरे लग्न केले. मुलाला एका बौद्ध मंदिरात ठेवण्यात आले आणि तेथील भिक्षूकडून तो चिनी-जपानी ग्रंथ शिकू लागला. इंग्रजीचा अभ्यास मात्र सुटला नाही. दोन्ही शिक्षणे हातात हात घालून चालली.

ही हकिकत वाचताना मी बराच वेळ थांबलो. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली अशी आहेत की ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. आपली अडचण ओकाकुरांच्या उलट आहे. आपल्याला घरची भाषा येते आणि इंग्रजीचा फलक वाचताना जीभ अडखळते. पण अडचणीचे मूळ एकच आहे. एक अक्षर शिकताना दुसरे पुसायचे का ? ओकाकुरांच्या आयुष्याने या प्रश्नाला नाही असे उत्तर दिले, आणि त्यांचे पुढचे सगळे कार्य त्या उत्तरातून उभे राहिले.

तोक्यो विद्यापीठात शिकत असताना अर्नेस्ट फेनोलोसा हे अमेरिकन प्राध्यापक त्यांना भेटले. फेनोलोसा १८७८ साली तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकवायला आले होते, पण जपानी चित्रकलेच्या प्रेमात पडले. त्यांना जपानी येत नव्हते. ओकाकुरा त्यांचे दुभाषी झाले. १८८० साली ओकाकुरा पदवीधर झाले तेव्हा त्यांचे वय जेमतेम सतरा-अठरा होते आणि लग्नही झालेले होते. त्यांनी प्रबंध राज्यशास्त्रावर लिहिला होता. परंतु पती-पत्नींच्या भांडणात रागावलेल्या पत्नीने तो जाळून टाकला आणि मग त्यांनी दोन आठवड्यांत कलेवर दुसरा प्रबंध लिहून काढला, अशी गोष्ट त्यांच्या कुटुंबात सांगितली जाई. हे खरे असेल तर जपानच्या कलेने त्या माउलीचे आभारच मानले पाहिजेत !

तो काळ जपानच्या मोठ्या उलथापालथीचा होता. १८६८ नंतर नव्या राजवटीत आगगाडी, तारायंत्र, बूट, कोट, सारेच पश्चिमेकडून येत होते आणि जुने ते सारे टाकाऊ ठरत होते. बौद्ध मंदिरांवर तर संक्रांतच आली होती. मूर्ती फोडल्या जात, सरपणाला जात, परदेशी व्यापाऱ्यांना मातीमोलाने विकल्या जात. अशा वेळी ओकाकुरा शिक्षण खात्यात नोकरीला लागले आणि फेनोलोसांबरोबर क्योतो-नारा भागातील मंदिरांची पाहणी करू लागले. १८८४ साली होर्यूजी मंदिरातील एका बंद दालनाचे कुलूप त्यांनी उघडायला लावले. ते उघडले तर भूकंप होईल, अशी पुजाऱ्यांची समजूत होती. दार उघडले. आत शेकडो वार कापडात गुंडाळलेली, शतकानुशतके कोणी न पाहिलेली अवलोकितेश्वराची लाकडी मूर्ती निघाली. भूकंप काही झाला नाही, पण आपल्या घरात काय पडून आहे याची जाणीव त्या दिवशी जपानला झाली.

येथून पुढे त्यांचा चढता काळ. १८८६-८७ मध्ये त्यांनी अमेरिका व युरोपचा दौरा केला. १८८९ मध्ये ‘कोक्का’ हे कलाविषयक मासिक सुरू केले. ते आजही निघते. त्याच वर्षी तोक्योची कलाशाळा सुरू झाली आणि १८९० मध्ये ते तिचे प्रमुख झाले. वय अठ्ठावीसच्या आत. योकोयामा ताइकान, हिशिदा शुन्सो यांच्यासारखे पुढे जपानभर गाजलेले चित्रकार हे त्यांचे विद्यार्थी. शाळेतील मंडळींनी प्राचीन नारा काळातील पद्धतीचे झगे घालावेत असा त्यांचा आग्रह होता, आणि स्वतः ते त्या वेषात घोड्यावरून शाळेत येत. लोक हसत असतील, पण त्यांना पर्वा नव्हती. १८९७ साली जुन्या मंदिरांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचे श्रम होते.

पण १८९८ साली हा माणूस कोसळला. त्यांचे आश्रयदाते आणि वरिष्ठ असलेल्या एका सरदाराच्या पत्नीशी त्यांचे संबंध जडले होते. त्यात शाळेतील मतभेद आणि मत्सर यांची भर पडली, पत्रके निघाली आणि त्यांना पद सोडावे लागले. चरित्रे लिहिताना अशा गोष्टी झाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण त्या झाकून माणूस मोठा होत नाही. त्यांच्याबरोबर अनेक शिक्षकांनी राजीनामे दिले हेही तितकेच खरे. या मंडळींना घेऊन त्यांनी त्याच वर्षी तोक्योत ‘निहोन बिजुत्सुइन’ ही स्वतंत्र कलासंस्था काढली. पैशाची ओढ मात्र कायमची मागे लागली.

अशा खचलेल्या मनःस्थितीत ते भारतात आले. १९०२ च्या जानेवारीत ते कलकत्त्याला स्वामी विवेकानंदांना भेटले. स्वामींना जपानमध्ये धर्मपरिषदेसाठी न्यावे, हा त्यांचा एक हेतू होता. स्वामींची प्रकृती खालावलेली होती. जपानला जाणे काही जमले नाही. तरी दोघे मिळून बोधगयेला जाऊन आले. त्याच वर्षी ४ जुलैला स्वामी गेले. ओकाकुरांचा मुक्काम पुढे टागोर कुटुंबात राहिला. रवींद्रनाथांशी, त्यांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांच्याशी आणि भगिनी निवेदिता यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. मधल्या काळात त्यांनी उत्तर आणि पश्चिम भारताचा प्रवास केला आणि त्यात अजिंठा-वेरूळ पाहिले.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आजच्यासारखी बस, दिवे, तिकीटघर काही नव्हते. त्या अंधाऱ्या लेण्यांत त्यांना काय दिसले असेल, याची कल्पना करता येते. होर्यूजी मंदिराच्या भिंतींवर बोधिसत्त्वांची जुनी चित्रे होती. कमळ धरलेला हात, झुकलेली मान, अर्धमिटले डोळे. ती त्यांनी तरुणपणापासून पाहिली होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिला की त्या चित्रांची आठवण होते, असे अनेक अभ्यासकांनी पुढे सांगितले आहे. आपल्या वाघूर नदीकाठच्या डोंगरात जी रेषा उमटली, तिचे वळण चीन ओलांडून जपानपर्यंत पोचले होते. १९०३ साली लंडनमध्ये त्यांचे ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’ हे पुस्तक निघाले. त्याची प्रस्तावना निवेदितांची. आशियातील देश वरवर निराळे दिसले तरी त्यांच्या मनाचा धागा एक आहे, हा त्या पुस्तकाचा गाभा. होर्यूजीच्या त्या भिंतीवरील चित्रांची १९४९ साली आगीत राखरांगोळी झाली. त्यामुळे ती परंपरा डोळ्यांनी पाहायची तर अजिंठ्याचे मोल आणखीच वाढले आहे. हे मोल आपण मात्र भिंतीवर नावे कोरून चुकवीत आलो.

१९०४ साली ते अमेरिकेतील बोस्टन शहरी गेले आणि तेथल्या कलासंग्रहालयात चिनी-जपानी संग्रहाचे काम पाहू लागले. पुढे १९१० मध्ये ते त्या विभागाचे प्रमुख झाले. वर्षातील काही महिने बोस्टन, काही महिने जपान, असा त्यांचा क्रम असे. बोस्टनच्या रस्त्यांतून ते किमोनो घालून फिरत. इंग्रजी अस्खलित येत असेल तरच परदेशात आपला पोषाख घालावा, असे त्यांनी मुलाला सांगून ठेवले होते म्हणतात. यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. दुसऱ्याची भाषा नीट आली म्हणजे आपला वेष अडाणीपणाचा न दिसता निवडीचा दिसतो.

१९०४ सालीच जपान आणि रशिया यांचे युद्ध पेटले. जपान जिंकू लागला तसा पाश्चात्त्य वर्तमानपत्रांत त्याचा गौरव सुरू झाला. ओकाकुरांना याचा विषाद वाटला. जोवर आम्ही शांततेच्या कला जोपासत होतो तोवर आम्ही रानटी, आणि मांचुरियात माणसे मारू लागल्यावर आम्ही सुसंस्कृत, हा कुठला न्याय ? जपानची ओळख तलवारीने नव्हे तर चहाने व्हावी, या तळमळीतून ‘द बुक ऑफ टी’ जन्मले.

या पुस्तकात चहा कसा करावा याच्या कृती नाहीत. चहाचा इतिहास आहे. चीनमध्ये आधी चहाच्या वड्या उकळून पीत. मग पावडर करून गरम पाण्यात घुसळू लागले. पुढे पाने नुसती गरम पाण्यात मुरवण्याची पद्धत आली. यांपैकी घुसळण्याची पद्धत चीनमध्ये मागे पडली, पण जपानने ती जपली. ११९१ साली एइसाइ नावाचा भिक्षू चीनहून चहाचे बी घेऊन आला आणि झेन मठांत चहा रुजला. ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून भिक्षू तो पीत. याविषयी एक आख्यायिका आहे. आपल्या दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माला ध्यानात झोप आली, तेव्हा रागाने त्याने आपल्या पापण्या कापून फेकल्या आणि त्या जागी चहाचे झुडूप उगवले ! या बोधिधर्माच्या प्रतिमेपुढे भिक्षू एकत्र जमून एकाच वाडग्यातून चहा पीत. ओकाकुरांच्या मते जपानच्या चहाविधीचे मूळ त्यात आहे.

आपला चहा आणि जपानी चहा ही एकाच झाडाची पाने. फरक आहे तो करण्यात. आपल्याकडे पाने मळून, हवेवर काळपट होऊ देऊन मग वाळवतात. जपानात ती तोडल्याबरोबर वाफवतात, म्हणून रंग हिरवा राहतो. रोजच्या घरगुती चहाला ‘सेंचा’ म्हणतात. तो उकळत नाहीत, उकळी उतरलेल्या पाण्यात थोडा वेळ मुरवतात. उकळला तर कडू होतो. दूध नाही, साखर नाही. भाजलेल्या पानांचा ‘होजिचा’, आणि भाजलेले तांदूळ मिसळलेला ‘गेनमाइचा’ हे त्यातले साधे, गरिबाघरचेही प्रकार. चहाविधीचा ‘माच्चा’ मात्र वेगळा. त्यासाठी तोडणीआधी काही आठवडे झाडांवर सावली धरतात आणि वाळलेली पाने दगडी जात्यावर दळतात. ती बारीक हिरवी पूड वाडग्यात घालून, गरम पाणी ओतून बांबूच्या रवीसारख्या साधनाने फेस येईपर्यंत घुसळतात. आधी घेवड्या-चवळीच्या जातीच्या लाल दाण्यांच्या पुरणाची गोड वडी खायची आणि मग हा कडसर चहा प्यायचा.

मोठ्या विधीत चहाआधी जेवण असते. ते मेजवानीचे नसते. भात, डाळीसारखे आंबवलेल्या सोयाबीनचे ‘मिसो’ सार, थोडी भाजी, थोडा मासा, लोणचे. ऋतूत जे पिकले ते. एक सार आणि तीन पदार्थ ही जपानी घरच्या जेवणाची जुनी रीत. उरलेल्या भातावर गरम चहा ओतून खाण्याचीही पद्धत आहे. आपण शिळी भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून खातो, त्यातलाच तो प्रकार. या घरगुती खाद्यपरंपरेची २०१३ साली युनेस्कोने जगाच्या वारशात नोंद केली. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची चटणी, अकोल्याकडची नागली यांची आपण कशात नोंद करतो ? भाकरी-ठेच्याचा डबा वर्गाच्या कोपऱ्यात पाठ करून उघडणारी मुले मी पाहिली आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी राखली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे आपल्याच रानातल्या वालाकडे आपण पुन्हा पाहिले. ओकाकुरांनी मंदिराच्या बंद दालनात जे केले, तेच या बाईंनी मातीच्या मडक्यांत केले, असे मला वाटते.

ओकाकुरांच्या पुस्तकाचा नायक म्हणावा असा माणूस सेन नो रिक्यू (१५२२-१५९१). साकाइ गावच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा चहाचा सर्वश्रेष्ठ आचार्य झाला. त्याने चहाची खोली झोपडीसारखी केली. माती-बांबूच्या भिंती, साडेचार चटयांची किंवा त्याहूनही लहान जागा, एकच चित्र, एकच फूल. त्या खोलीचे दार जेमतेम दोन-अडीच फूट उंच ठेवले. आत शिरायचे तर कोणालाही वाकून, गुडघ्यांवर सरकत जावे लागे. सरदारानेही तलवार बाहेरच्या फळीवर ठेवायची. आत उच्च-नीच नाही. घट्ट चहाचे एकच वाडगे एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या हातात जाई.

हे वाचले आणि मला आपल्याकडचा चहा आठवला. ऑक्टोबर १८९० मध्ये, म्हणजे ओकाकुरा कलाशाळेचे प्रमुख झाले त्याच वर्षी, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आला. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी ही बातमी फोडली आणि पुण्यात वादळ उठले. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि एवढ्या मोठ्या माणसांनाही प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले. एक कप चहा !

ही झाली वरच्या वर्गाची कथा. खालच्यांची आणखी निराळी. माझे आजोबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी गावातल्या हॉटेलात आमच्या वस्तीच्या माणसांसाठी कान तुटलेला कप बाहेर वळचणीला ठेवलेला असे. स्वतः घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः विसळून पुन्हा ठेवायचा. पैसे मात्र इतरांइतकेच द्यायचे. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याच्या पाण्याला हात लावला, १९७२ साली बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची हाक दिली, तेव्हा कुठे कप हळूहळू आत आले. म्हणून रिक्यूचे ते लहान दार मला नुसते सौंदर्याचे वाटत नाही. आमच्या आजोबांनाही वाकावे लागे, पण एकट्यानाच. रिक्यूच्या दारात सगळ्यांना वाकावे लागे. या दोन वाकण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मात्र येथे ओकाकुरांना एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. त्या खोलीतली समता खोलीबाहेर आली का ? जपानमध्येही चामड्याचे आणि मृत जनावरांचे काम करणाऱ्यांना अस्पृश्य मानीत. कायद्याने ती अवस्था १८७१ साली संपली, पण मनातून ती पुढेही गेली नाही. खुद्द रिक्यूला, ज्याच्यासाठी तो चहा करी त्या हिदेयोशी या सत्ताधीशाने १५९१ साली पोट फाडून मरण्याची आज्ञा दिली. शेवटचा चहा शिष्यांना पाजून रिक्यूने आपले वाडगे फोडले आणि प्राण दिला, ही कथा ओकाकुरांनी पुस्तकाच्या शेवटी सांगितली आहे. त्यांना त्यात मरणाचे सौंदर्य दिसले. मला त्यात असेही दिसते की बाहेर ठेवलेली तलवार परत जाताना पुन्हा कमरेला लागतेच. लहान दार करणे ही सुरुवात आहे, शेवट नाही.

ओकाकुरांचे उत्तरायुष्य बरेचसे इझुरा येथे गेले. तोक्योच्या उत्तरेस पॅसिफिक किनाऱ्यावरच्या या खेड्यात त्यांनी घर केले. १९०५ मध्ये अगदी खडकाच्या टोकावर एक षट्कोनी लहानशी वास्तू बांधली. तेथे बसून ते समुद्र पाहत, वाचीत, लिहीत. मासे धरण्याचा त्यांना नाद होता. १९०६ मध्ये आपली कलासंस्थाही त्यांनी तेथे हलवली आणि ताइकानादी शिष्य त्या आडगावात येऊन चित्रे काढू लागले. चहावर पुस्तक लिहिणारा हा माणूस साके ही तांदळाची दारूही भरपूर पीत असे आणि त्याचे शरीराला भोगावे लागले. १९१२ साली ते पुन्हा भारतात आले. कलकत्त्यात त्यांची कवयित्री प्रियंवदा देवी यांच्याशी ओळख झाली. प्रियंवदा देवी विधवा होत्या. पुढच्या वर्षभर कलकत्ता, बोस्टन आणि इझुरा यांच्यामध्ये दोघांची पत्रे जात-येत राहिली. २ सप्टेंबर १९१३ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने आकाकुरा या डोंगराळ गावी ओकाकुरांचे निधन झाले. वय पन्नास.

त्यांच्यामागे काय राहिले ? ताइकान आणि शुन्सो यांना त्यांनी १९०३ मध्येच कलकत्त्याला पाठवले होते. त्यांच्या रंग धुऊन घेण्याच्या पद्धतीतून अवनींद्रनाथांच्या चित्रशैलीला वळण मिळाले. १९१६ साली रवींद्रनाथ जपानला गेले तेव्हा इझुराला जाऊन आले. त्यांच्या कलासंस्थेतले चित्रकार आराइ काम्पो यांनी १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात मुक्काम करून चित्रांच्या नकला केल्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० नंतरच्या काळात, अजिंठा-वेरूळच्या जतनाला आणि रस्त्यांना जपानने कर्जरूपाने मोठी मदत केली. आज आपली बस ज्या रस्त्याने जाते त्यात कुठेतरी त्या जुन्या भेटीचाही अंश आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

दुसरी बाजूही आहे. आशिया एक आहे, हा त्यांचा विचार १९३० नंतर जपानच्या लष्करशहांनी उचलला आणि चीन, कोरिया, ब्रह्मदेश तुडवताना तो झेंड्यासारखा पुढे धरला. ज्याने तलवारीऐवजी वाडगे पुढे केले, त्याच्याच शब्दांनी तलवारीला धार लावली गेली. विचार चांगला असून भागत नाही. तो कोणाच्या हाती पडतो हेही पाहावे लागते. तो वापरला गेला तेव्हा ओकाकुरा हयात नव्हते. पण एकतेची भाषा बोलताना धाकट्याचा आवाज ऐकला नाही, तर ती एकता मोठ्याच्या सोयीची होते, हा धडा त्यातून घ्यावा लागतो.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीने इझुरा येथील ती षट्कोनी वास्तू समुद्रात ओढून नेली. पुढच्याच वर्षी ती होती तशी पुन्हा उभारण्यात आली. ही गोष्ट मला ओकाकुरांच्या सगळ्या चरित्राचे सार वाटते. वाहून गेलेले आपले आहे हे ज्यांना कळते तेच ते पुन्हा बांधतात.

मित्रहो, जपानी चहा आपल्या गावात मिळत नाही, आणि मिळाला तरी पहिल्या घोटाला तो आपल्याला कडूच लागेल. तो प्यायलाच हवा असेही नाही. आपला गवती चहा, आपली भाकरी, आपली रेषा, आपली बोली यांच्याकडे लाजेने न पाहता डोळे उघडून पाहावे; त्यातले जपण्यासारखे जपावे आणि वळचणीचा तो तुटका कप मात्र कायमचा फेकून द्यावा, एवढे शिकलो तरी ओकाकुरांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल. इंग्रजी अवश्य शिकावी, फलक वाचता यावेत. पण चहा पुढे करताना सर्वांना एकच कप असावा.